अंगणातला मोठा बंब: लाकडाची भट्टी पेटवताना आणि भरताना

ज्याने घरात तांब्याचा बंब पाहिला आहे, त्याला ही भट्टी निम्मी कळलीच म्हणून समजा. बंबाच्या पोटात मधोमध नळी, नळीत जाळ आणि नळीभोवती पाणी. वरून ढलप्या टाकायच्या, जाळीतून राख खाली पडते, तोटी सोडली की कढत पाणी. साताऱ्याकडच्या आमच्या घरी मागच्या पडवीत बंब असे आणि त्याबाबत आजीचा एकच दंडक होता: आधी पाणी, मग जाळ. कोरडा बंब पेटवला तर सांध्यांचा डाख सुटतो आणि बंब घेऊन तांबटाकडे जावं लागतं.

आता मी न्यूयॉर्क राज्यात राहतो. न्यूयॉर्क म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे उंच इमारती येतात, पण आमचं गाव त्या शहरापासून गाडीने सहा-सात तासांवर, कॅनडाच्या सीमेलगत आहे. जानेवारीत इथे पारा उणे २५ सेल्सियसपर्यंत उतरतो. गावात गॅसची पाइपलाइन नाही, तेल आणि प्रोपेन महाग, लाकूड मात्र मुबलक. म्हणून इथल्या शेतघरांच्या अंगणात टपरीएवढी एक पत्र्याची खोली उभी दिसते आणि तिच्या डोक्यावर धुराडं. इथले लोक तिला आउटडोअर वुड बॉयलर म्हणतात. मी गेले नऊ हिवाळे ती चालवतो आहे. आसपास नव्याने शेतघर घेतलेली दोन-तीन मराठी कुटुंबं तिच्याबद्दल विचारत असतात. त्यांना फोनवर तुकड्यातुकड्याने सांगतो, ते इथे सलग लिहितो आहे.

आत एक पोलादी पेटी असते, तीत ओंडके जळतात. पेटीच्या चहूबाजूंनी पाण्याचं कवच, साधारण ७०० ते १,५०० लिटरचं. तापलेलं पाणी पंपाने जमिनीखालच्या, नीट गुंडाळलेल्या नळ्यांमधून घरात येतं. तिथे मोटारीच्या रेडिएटरसारखी जाळी असते. तिच्यावरून पंखा वारा सोडतो, घर गरम होतं आणि कोमट झालेलं पाणी परत भट्टीकडे जातं. आग, धूर, राख, सालपटं सगळं अंगणात राहतं. घरातल्या शेकोटीपेक्षा ही व्यवस्था सुरक्षित मानतात ती यामुळेच, आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे.

बहुतेक भट्ट्यांतलं पाणी दाबाखाली नसतं, हे मनात पक्कं करून ठेवा. हा प्रेशर कुकर नाही, झाकण सैल ठेवलेलं पातेलं आहे. वरच्या बाजूला एक उघडी नळी असते, पाणी फार तापलं तर वाफ तिच्यातून निघून जाते. ती नळी कोणत्याही कारणाने बुजवायची नाही. वाफ वाया जाते म्हणून नाही, पाणी कमी होतं म्हणून नाही, उंदीर शिरतात म्हणूनही नाही. ती बुजली की पातेल्याचा कुकर होतो, आणि या कुकरला शिट्टी नसते.

आता मुख्य गोष्ट. पाण्याचं तापमान ठरावीक आकड्यावर पोचलं, आमच्याकडे तो १८० फॅरनहाइट म्हणजे ८२ सेल्सियस आहे, की हवेची झडप आपोआप मिटते आणि आगीला वारा घालणारा भट्टीचा पंखा थांबतो. पाणी दहा अंश फॅरनहाइट उतरलं की झडप पुन्हा उघडते. म्हणजे ही आग रात्रभर एकसारखी जळत नाही. ती जागी होते, झोपते, पुन्हा जागी होते. जागी असताना तिच्यापासून फारसा धोका नसतो. धोका असतो तो झोपलेल्या आगीचा.

चूल पेटवताना हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. सरपण धुमसतं आहे, ज्वाला नाही, डोळ्यांत नुसता धूर जातो आहे. मग फुंकणीने एक दमदार फुंकर घातली की भप्पकन जाळ होतो. सरपण तर तेच असतं, मग पेटलं काय? धूर पेटला. लाकूड तापलं की त्यातून जळाऊ वायू सुटतात: कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, मिथेन आणि डांबरासारखी वाफ. हवा पुरेशी असली की ते तिथल्या तिथे जळतात, त्यालाच आपण ज्वाला म्हणतो. हवा तोडली की ते न जळता साचून राहतात. भट्टीची झडप मिटलेली असते तेव्हा पेटी अशा वायूंनी भरलेली असते आणि तळाशी निखारे लाल असतात. इंधन आहे, ठिणगी आहे, फक्त हवा नाही. दार झटक्याने उघडलंत की हवा तुम्हीच आत घालता.

पहिल्या हिवाळ्यात मी नेमकं तेच केलं. सकाळी सहाची वेळ, काळोख, कामावर जायची घाई. खिटी सोडली आणि दार एका हिसक्यात उघडलं. क्षणभर काहीच झालं नाही. पेटीत दाट, पिवळसर धूर संथपणे फिरताना दिसला. मग घोंगडी झटकल्यासारखा आवाज आला आणि नारिंगी लोळ दारातून बाहेर येऊन माझ्या डोक्यावरून गेला. भुवया आणि कपाळावरचे केस जळाले. त्यापेक्षा वाईट म्हणजे अंगातल्या जाकिटाची नायलॉनची बाही वितळून मनगटाला चिकटली. तो डाग अजून आहे. बघायला खाली वाकलो असतो तर डोळे गेले असते, असं डॉक्टरांनी मलमपट्टी करताना सांगितलं.

त्यानंतर शेजारच्या शेतावरच्या आजोबांनी मला दार उघडायला शिकवलं, आणि आजही मी अगदी तसंच उघडतो. आधी पंख्याचं बटण बंद. काही नव्या भट्ट्यांमध्ये धूर थेट धुराड्यात सोडणारी आडवाट असते, तीही आधी उघडायची. मग उभं राहायचं ते दाराच्या आडोशाला, बिजागरीच्या बाजूला. दारासमोर कधीच नाही. खिटी सोडून दार बोटभर किलकिलं करायचं आणि थांबायचं. वीसपर्यंत आकडे मोजायचे, मनात नाही, तोंडाने. या वेळात फटीतून जरा जरा हवा आत जाते आणि साचलेले वायू हळूहळू जळून धुराड्यातून निघून जातात. कधी आतून ‘हूं’ असा दबका हुंकार ऐकू येतो. तो आला तर फट वाढवायची नाही, आवाज शांत होईपर्यंत तसंच थांबायचं. धूर मोकळा झाला, ज्वाला दिसू लागल्या की मग दार सावकाश पूर्ण उघडायचं, चेहरा दुसरीकडे ठेवून. या सगळ्याला एक मिनिटही लागत नाही. वेगवेगळ्या बनावटीच्या भट्ट्यांमध्ये बटणांचा क्रम थोडाफार बदलतो, त्यासाठी माहितीपुस्तिका वाचाच. किलकिलं करून थांबणं मात्र कुठेच चुकत नाही.

अंगावर सुती किंवा लोकरी कपडे घाला आणि वर जाड चामड्याचे, कोपरापर्यंतचे हातमोजे. मफलर असेल तर टोकं आत खोचा, केस लांब असतील तर अंबाडा बांधून टोपीखाली घ्या. चष्मा लावत नसाल तर संरक्षक चष्मा लावा. आमच्या घरी मुलं दहा वर्षांची झाली तरी त्यांना भट्टीपासून पंधरा पावलं लांबच उभं करतो.

दार उघडल्यावर निखारे फावड्याने पुढे ओढून सारखे करायचे आणि मग ओंडके ठेवायचे. ठेवायचे, फेकायचे नाहीत. वीस किलोचा ओंडका मागच्या भिंतीवर आदळला तर ती काही नुसती भिंत नाही, तिच्यापलीकडे पाणी आहे. जोडावर बसलेला एक फटका पुढच्या हिवाळ्यात गळती होऊन दिसतो. डोकं आणि खांदे दाराच्या चौकटीच्या आत न्यायचे नाहीत. मागे सरकवायचं असेल तर लांब दांडा वापरायचा. आणि लांबीला मोठा पडलेला ओंडका दाराने दाबून बसवायच्या भानगडीत पडायचं नाही. दार नीट मिटलं नाही तर फटीतून सतत हवा आत जाते, झडप मिटूनही आग झोपत नाही आणि पाणी उकळीला येतं. दाराच्या कडेची दोरीसारखी पट्टी ठीक आहे का हे बघायला भट्टी थंड असताना डॉलरची एक नोट दारात धरून दार मिटायचं आणि नोट ओढायची. सहज सुटून आली तर पट्टी बदलायला झाली.

किती भरायचं, यावर माझं ठाम मत आहे, आणि इथले अर्धे लोक त्याच्याशी सहमत नाहीत. ते एकदा गच्च भरतात आणि दीड दिवस भट्टीकडे बघत नाहीत. मी पुढच्या बारा तासांना पुरेल तेवढंच भरतो, सकाळी एकदा, रात्री एकदा. उणे वीसच्या थंडीत पेटी भरलेली चालते, कारण घर उष्णता ओढत राहतं आणि आग जागी असते. पण नोव्हेंबरात, बाहेर पाच-सहा अंश असताना पेटी गच्च भरली तर बारातले दहा तास झडप मिटलेलीच राहते. लाकूड धुमसतं. धूर साचतो, म्हणजे दार उघडतानाचा धोका वाढतो. तोच धूर थंड भिंतींना आणि धुराड्याला लागून घट्ट, काळा, डांबरासारखा थर बसतो. त्याला क्रिओसोट म्हणतात. आपल्या स्वयंपाकघरातली काजळी हाताने पुसता येते, हा थर खरवडूनही सहज निघत नाही, आणि तो पेटतो. धुराड्यातला क्रिओसोट पेटला की मालगाडी जाताना होते तशी घरघर ऐकू येते. अशा वेळी दार आणि झडप बंद ठेवून, लांब होऊन, ९११ ला, म्हणजे इथल्या आपत्कालीन नंबरला, फोन करायचा. पाणी ओतायचं नाही. तापलेल्या पोलादावर पाणी पडलं तर ते तडकतं आणि वाफ तुमच्याच अंगावर येते.

क्रिओसोटचं दुसरं कारण म्हणजे ओलं लाकूड. नुकत्याच तोडलेल्या झाडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असतं. दहा किलोचा ओंडका टाकलात तर सुमारे पाच लिटर पाणी आगीत ओतलंत. लिटरभर पाणी गोठणबिंदूपासून उकळीपर्यंत न्यायला १०० किलोकॅलरी लागतात आणि त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी ५४०. ही सगळी उष्णता धुराड्यातून आभाळात जाते, आणि आग इतकी गार पडते की वायू नीट जळत नाहीत. नीट वाळलेल्या, २० टक्के ओलाव्याच्या दहा किलो लाकडात पाणी दोनच लिटर असतं.

वाळलं आहे की नाही हे कसं ओळखायचं? दोन फोडी एकमेकींवर आपटा. वाळलेल्या खणखणतात, ओल्या थपथप वाजतात. टोकाला मध्यापासून कडेकडे गेलेल्या भेगा दिसल्या पाहिजेत आणि साल हाताने सुटली पाहिजे. ओलावा मोजायचं छोटं यंत्र दुकानात मिळतं, ते घ्याच. पण फोडीच्या बाहेरून मोजलंत तर आकडा नेहमी गोड येतो. फोड कुऱ्हाडीने पुन्हा फोडा आणि आतल्या ताज्या अंगावर सुया टोचा. लाकूड फोडून, जमिनीपासून उचलून, लाकडी फळ्यांच्या चौथऱ्यावर रचायचं. वर झाकण, बाजू उघड्या. चारही बाजूंनी ताडपत्री गुंडाळली तर आत बुरशी धरते. मॅपलला एक वर्ष पुरतं, ओकला दोन उन्हाळे द्यावे लागतात.

इथे लाकूड कॉर्डने विकतात. चार फूट उंच, चार फूट रुंद आणि आठ फूट लांब असा रचलेला ढीग, म्हणजे १२८ घनफूट. विकणारा ‘वाळलेलं’ म्हणतो, तेव्हा यंत्र खिशात ठेवून जा. आणि लांबून स्वस्त मिळतं म्हणून आणू नका. अ‍ॅशची झाडं मारणारा हिरवा भुंगा २००२ साली मिशिगनमध्ये सापडला आणि पुढे राज्याराज्यांत पसरला, त्यात जळाऊ लाकडाच्या वाहतुकीचा मोठा हात आहे. न्यूयॉर्क राज्यात प्रक्रिया न केलेलं जळण मूळ जागेपासून ५० मैलांपलीकडे न्यायला बंदी आहे.

भट्टी म्हणजे कचराकुंडी नव्हे, हे मला फार कळकळीने सांगायचं आहे, कारण अंगणात एवढी मोठी आग असली की मोह होतोच. प्लॅस्टिक, टायर, रंग दिलेल्या फळ्या, प्लायवूड यांतलं काहीही आत जाता कामा नये. जुन्या अंगण-ओट्यांच्या हिरवट फळ्या सगळ्यांत घातक. अमेरिकेत २००३ अखेरपर्यंत घरगुती वापराच्या लाकडाला क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक असलेलं द्रावण सर्रास मुरवत असत. ते जाळलं की विष धुरातही जातं आणि राखेतही उरतं, आणि तीच राख आपण भाजीच्या वाफ्यात टाकतो. पेटवायला पेट्रोल, रॉकेल कधीही नाही. आधीचा निखारा राखेखाली जिवंत असेल तर पेट्रोलची वाफ तुमच्या हातातल्या डब्यापर्यंत पेटत येते. कोरड्या काटक्या, कागद आणि थोडा धीर एवढ्यावर भट्टी पेटते.

पाण्याकडे रोज एक नजर टाकायची. पाणी खुणेच्या वर आहे ना आणि पंप फिरतो आहे ना, हे बघूनच पेटवायचं. आजीचाच नियम. पाण्यात गंजरोधक घालून वर्षातून एकदा नमुना तपासायला पाठवायचा. परतीचं पाणी ६० सेल्सियसच्या खाली येऊ लागलं तर पेटीच्या भिंतींवर आतून दव धरतं, आणि क्रिओसोटबरोबर ते पोलाद खातं. त्यासाठी पाण्याच्या नळीवर वेगळी झडप बसवून मिळते.

कधी पाणी उकळलंच, वरच्या नळीतून वाफ येऊ लागली, तर दार उघडायचं नाही. पंखा बंद, झडप मिटली आहे ना ते बघायचं; पुष्कळदा तिच्यात क्रिओसोटचा खडा अडकलेला असतो. पंप तपासायचा आणि घरातले सगळे थर्मोस्टॅट वाढवायचे, म्हणजे उष्णता घर ओढून घेईल. पाणी खुणेखाली गेलं असेल तर लगेच गार पाणी सोडायचं नाही. आग विझू द्या, पोलाद निवू द्या, मग भरा. वीज गेली तर पंप थांबतो आणि बहुतेक भट्ट्यांची झडप स्वतःच्या वजनाने पडून मिटते, ती तशीच राहू द्या. जनरेटर लावणार असाल तर घरापासून निदान २० फूट लांब, उघड्यावर. गॅरेजमध्ये नको, दार उघडं ठेवूनही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. त्याची सूचना देणारं यंत्र झोपायच्या खोल्यांजवळ हवंच, भट्टी कितीही लांब असली तरी.

धूर हा शेजाऱ्यांचाही प्रश्न आहे. या भट्ट्यांची धुराडी बुटकी, धूर गार, त्यामुळे तो वर जात नाही, जमिनीलगत पसरतो. शेजारच्या व्हरमाँट राज्याने १९९७ सालीच नियम केले. न्यूयॉर्कमध्ये २०११ पासून नव्या भट्टीचं धुराडं जमिनीपासून निदान १८ फूट आणि भट्टी जमिनीच्या हद्दीपासून निदान १०० फूट हवी. शेतजमिनीवर हे अंतर शेजाऱ्याच्या घरापासून मोजतात. केंद्राच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१५ मध्ये देशभर मर्यादा घातली: मिळणाऱ्या दर दहा लाख बीटीयू (बीटीयू हे उष्णतेचं एकक) उष्णतेमागे धुरातले ०.३२ पौंड कण. मे २०२० पासून ती ०.१० वर आणली. नव्या भट्ट्यांत धुरातले वायू दुसऱ्या कप्प्यात पुन्हा जाळतात, म्हणून त्या लाकूड कमी खातात, पण ओलं लाकूड मुळीच सहन करत नाहीत. भरून झाल्यावर दहा मिनिटांनी मी मागे वळून धुराड्याकडे बघतो. पांढुरकी वाफ विरून गेली तर ठीक. निळसर, जड धूर रेंगाळत असेल तर लाकूड ओलं आहे किंवा जास्त भरलं आहे.

राहिली राख. आजी रात्री चुलीतला मोठा निखारा राखेत पुरून ठेवायची. सकाळी राख बाजूला केली की तो लालबुंद असायचा, काडी न ओढता चूल पेटायची. राख निखाऱ्याला किती जपते हे माहीत असूनही माणसं ती कागदी पिशवीत भरून लाकडी ओट्यावर ठेवतात आणि मध्यरात्री घर पेटतं. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत काढायची, बादली घरापासून लांब, दगडावर किंवा उघड्या मातीवर ठेवायची आणि चार दिवस तिला हात लावायचा नाही. पेटीच्या तळाशी बोट-दोन बोटं राख राहू द्यावी, निखारे त्यावर चांगले टिकतात.

एप्रिलअखेर आग विझवली की मात्र सगळी राख त्याच आठवड्यात काढायची. पावसाळी हवेत ती ओल धरते, ओली राख क्षारयुक्त होते आणि उन्हाळाभरात पोलादाला भोकं पाडते. भिंती खरवडायच्या, धुराडं ब्रशने झाडून त्यावर उपडी बादली घालायची, पाणी भरलेलंच ठेवायचं. आणि त्याच दिवसांत, बर्फ वितळून जमीन वाळायला लागली की ओक फोडायला घ्यायचा. आत्ता फोडलेल्या ओकची पाळी पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात येईल.